निद्राश्वासरोध

झोपेत घशाचा मार्ग पुनःपुन्हा मिटून श्वास अडण्याचा विकार. व्यवहारात ‘स्लीप ॲप्निया’ हेच नाव रूढ आहे. मेंदूकडून श्वासाची प्रेरणाच न येण्याचा केंद्रीय प्रकार निराळा असून तो येथे घेतलेला नाही. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, जीभ व मऊ टाळू मागे सरकतात, रक्तातील ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास मोठ्या आवाजासह सुटतो. रुग्णाला सकाळी यातले बहुधा काहीच आठवत नाही. म्हणून शेजारी झोपणाऱ्या माणसाने सांगितलेली हकीकत निदानात फार मोलाची असते. घोरणे ही गाढ झोपेची खूण, या समजुतीमुळे अनेकांचे निदान वर्षानुवर्षे लांबते.

सुश्रुतसंहितेत (सूत्रस्थान, अध्याय १५) स्थौल्याच्या लक्षणांत क्षुद्रश्वास (थोड्या श्रमानेही लागणारी धाप), अतिनिद्रा आणि ‘क्रथन’ यांचा एकत्र उल्लेख येतो. क्रथन म्हणजे श्वास अकस्मात अडणे, असा एक अर्थ. घोरणे, असा दुसरा. संस्कृत कोशांचा आधार पाहता पहिला अधिक ग्राह्य वाटतो. मात्र त्यावरून आजचा विकार तेव्हा ओळखला गेला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल: श्वास कोठे व कशाने अडतो, याचा खुलासा त्या वचनात नाही. शिवाय संहितेवर अनेक संस्कार झाले असून हा भाग नेमका कोणत्या शतकातला, हेही निश्चित नाही.

आधुनिक शोधाचे श्रेयही विभागलेले आहे. १९५६ मध्ये बर्वेल व सहकाऱ्यांनी स्थूल, सतत पेंगणाऱ्या रुग्णाचे वर्णन करून डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीवरून त्या लक्षणसमूहाला ‘पिकविकियन’ म्हटले. पेंगण्याचे कारण त्यांनी रक्तात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये शोधले. १९६५ मध्ये मार्सेय येथे गास्तो व सहकाऱ्यांनी आणि फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो यांनी, स्वतंत्रपणे, अशा रुग्णांच्या झोपेत श्वास वारंवार थांबतो हे नोंदवले. खरा प्रारंभ येथून धरणे योग्य. बारीक अंगाच्या माणसांनाही हा विकार होतो, त्यामुळे जुने नाव त्याला लागू पडत नाही.

निदानाची प्रमाण चाचणी म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, बोलीत ‘स्लीप स्टडी’. मेंदूचे विद्युत्‌लेखन, डोळ्यांची हालचाल, हनुवटीच्या स्नायूंचा ताण, नाकातील हवेचा प्रवाह, पट्ट्यांनी टिपलेली छाती-पोटाची हालचाल, ऑक्सिजन व हृदयगती यांची रात्रभर नोंद होते. किमान १० सेकंद प्रवाह जवळजवळ थांबला तर श्वासरोध. अंशतः घटला तर अल्पश्वसन. ताशी अशा घटना ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० मध्यम, त्यापुढे तीव्र. हा आकडा दिसतो तितका पक्का नसतो. अल्पश्वसन मोजताना ऑक्सिजनची घट ३ टक्के धरली की ४, यावर तोच रुग्ण सौम्य किंवा मध्यम ठरू शकतो. घरी करण्याच्या सुटसुटीत चाचणीत बहुधा मेंदूचे लेखन नसते. त्यामुळे झोप व जाग वेगळी करता येत नाही, जागेपणीचा वेळही भाजकात येतो आणि ताशी आकडा कमी भरतो. लक्षणे स्पष्ट असूनही अशी चाचणी निर्दोष आली, तर प्रयोगशाळेतील चाचणी करावी.

मुंबईतील ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांच्या पाहणीत (उदवाडिया व इतर, २००४) १९.५ टक्क्यांमध्ये झोपेतील श्वसनदोष आणि ७.५ टक्क्यांमध्ये दिवसाच्या पेंगेसह पूर्ण विकार आढळला. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या.

१९८१ पूर्वी तीव्र रुग्णांसाठी खात्रीचा उपाय श्वासनलिकेला छिद्र पाडणे हा होता. त्या वर्षी सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन घसा उघडा ठेवला. हेच आजचे सीपॅप. पेंग व घोरणे यांवर त्याचा गुण निर्विवाद आहे. हृदयविकार टळतो का, याविषयी २०१६ च्या मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. पण त्यातील रुग्ण यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच लावत होते, ही बाब निष्कर्षाइतकीच महत्त्वाची मानली पाहिजे. मुखवटा मापाचा नसणे, नाक कोरडे पडणे यांमुळे पहिल्या काही आठवड्यांतच अनेकजण यंत्र सोडतात. त्या काळात त्यांची पुन्हा तपासणी व्हायला हवी.

सौम्य व मध्यम विकारात खालचा जबडा पुढे धरणारे दंतसाधन, मुलांत टॉन्सिल व ॲडेनॉइड काढणे, स्थूलांत वजन घटवणे हे अन्य उपाय. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्थूल प्रौढांतील मध्यम ते तीव्र विकारासाठी टिर्झेपॅटाइड या वजन घटवणाऱ्या औषधास मान्यता दिली.