पेप (पायथन सुधारणा-प्रस्ताव)

पायथन या संगणकभाषेत नवी सोय घालण्याची मागणी, तिच्यावरील चर्चेचा गोषवारा आणि शेवटचा निकाल ज्यात नोंदवला जातो तो क्रमांकित दस्तऐवज. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पेप’ हे नाव रूढ झाले. पायथन सांभाळणारे बहुसंख्य लोक फावल्या वेळात, विनामोबदला काम करतात. प्रत्येक मागणीचा अभ्यास करणे त्यांना शक्य नसते. म्हणून ज्याला सोय हवी त्यानेच ती का हवी, कशी असावी, कोणते पर्याय बाद केले आणि का, हे लिहून आणावे अशी ही व्यवस्था आहे. प्रस्तावाचा पाठपुरावाही त्यानेच करायचा असतो.

उगम : पेपची पद्धत समजावून सांगणाऱ्या पेप १ च्या शीर्षभागी १३ जून २००० ही तारीख आहे. मात्र भाषेतील प्रत्यक्ष सोयींविषयीच्या सुरुवातीच्या प्रस्तावांवर (उदा., पेप २०१ व २०२) १३ जुलै २००० ही तारीख आढळते. त्यामुळे प्रथेचा प्रारंभ एका दिवसाला न बांधता २००० च्या मध्यावर धरणे इष्ट. पेप १ च्या लेखकांत बॅरी वॉर्सॉ यांचे नाव पहिले येते. इंटरनेटच्या तांत्रिक मानकांसाठी १९६९ पासून चालत आलेल्या ‘आरएफसी’ या दस्तऐवजमालेचा नमुना येथे समोर होता, हे पायथनच्या तत्कालीन कागदपत्रांतच नमूद आहे. पर्ल भाषेच्या नव्या आवृत्तीसाठीही २००० मध्येच ‘आरएफसी’ याच नावाने सूचना मागवल्या गेल्या; पण ते आवाहन ऑगस्टमधले, म्हणजे पेप १ नंतरचे. टीसीएल या संगणकभाषेची ‘टिप’ ही प्रस्तावमाला त्याच वर्षीची असून ती उघडपणे पेपवर बेतलेली आहे. नमुना आरएफसीचा खरा, परंतु गरज वेगळ्या कारणाने उद्भवली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मे २००० मध्ये पायथनचा विकास सोर्सफोर्ज या संकेतस्थळावर हलला आणि मूळ संहितेत थेट बदल करू शकणाऱ्यांची संख्या ७ वरून २७ वर गेली. सात जणांत तोंडी किंवा पत्रापत्रीने ठरणारी गोष्ट सत्तावीस जणांत तशी ठरेना. त्या सप्टेंबरपर्यंत पंचवीस पेप झाले होते.

निर्णय : २०१८ पर्यंत शेवटचा शब्द भाषेचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम यांचा असे. मतदानाचा प्रयोग फारसा साधला नाही. पेप ३०८ हे त्याचे उदाहरण. एकाच ओळीत ‘अट खरी तर हे, नाहीतर ते’ असे लिहिण्याची सोय पायथनमध्ये नव्हती. लोक ‘अँड’ आणि ‘ऑर’ जोडून वेळ मारून नेत. ‘अट खरी तर शून्य, नाहीतर एक’ असे त्या पद्धतीने लिहिले, की अट खरी असूनही उत्तर एक येई. कारण शून्य हे पायथनच्या लेखी ‘खोटे’. २००३ मध्ये मते घेतली तेव्हा सोय हवी याकडे कल दिसला, पण कोणत्याच एका रूपाला बहुमत मिळेना, आणि प्रस्ताव फेटाळला गेला. सप्टेंबर २००५ मध्ये व्हॅन रॉसम यांनी स्वतःच एक रूप निवडले. ते २००६ च्या २.५ आवृत्तीत आले.

फेटाळलेले पेप काढून टाकले जात नाहीत. तेच या मालेचे खरे भांडार म्हणता येईल, कारण तीच मागणी पुन्हा आली की जुन्या क्रमांकाकडे बोट दाखवता येते. ‘स्विच’ रचनेविषयीचा (एका मूल्यानुसार अनेक पर्यायांतून एक वाट निवडण्याच्या सोयीविषयीचा) पेप ३१०३ खुद्द व्हॅन रॉसम यांचा. २००७ च्या पायकॉन या पायथन-परिषदेतील भाषणात त्यांनी श्रोत्यांचा झटपट कौल घेतला, पाठिंबा दिसला नाही, आणि स्वतःचाच प्रस्ताव स्वतः फेटाळला. त्या जातीची रचना निराळ्या स्वरूपात २०२१ च्या ३.१० आवृत्तीत आली. पेप ४०४ तर २.८ ही आवृत्ती निघणार नाही एवढेच सांगण्यासाठी आहे. महाजालावर ४०४ हा ‘पान सापडले नाही’ याचा संकेतांक असल्याने क्रमांकाची निवड योगायोगाची नसावी.

पेप ५७२ (पदावलीच्या आतच चलाला मूल्य देणारे, ‘वॉलरस’ म्हणून ओळखले जाणारे := हे चिन्ह) स्वीकारला गेला, पण त्यावरचा वाद इतका कडवट झाला की १२ जुलै २०१८ रोजी व्हॅन रॉसम निर्णायक पदावरून दूर झाले. त्यानंतर पेप ८०१६ नुसार पाच जणांचे निवडून आलेले सुकाणू मंडळ २०१९ पासून निकाल देते. लेखक मुख्य विकासकांपैकी नसेल, तर त्यांच्यापैकी एक पुरस्कर्ता आता मिळवावा लागतो.

किरकोळ मागण्या पेपपर्यंत पोहोचतच नाहीत. त्या दोषनोंदवहीत ‘सोय’ या वर्गाखाली नोंदवल्या जातात. ही वही २०२२ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर नेण्यात आली. पायथनसोबतच मिळणाऱ्या प्रमाण ग्रंथालयात नवे मोड्यूल (तयार संहितेचा घटक) घालण्याची मागणी असल्यास ते आधी पायपीआय या पायथन-संचांच्या सार्वजनिक कोठारावर स्वतंत्रपणे प्रसिद्ध करून लोकांच्या वापरात आणावे, असे बहुधा सुचवले जाते.