स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर: पट्टी नक्की कुठली?

बीटल्सचं हे गाणं पेटीवर वाजवून बघितलंय का कुणी? पांढरी सहा धरली तर गाणं वर राहतं, काळी पाच धरली तर किंचित खाली. ते मधेच कुठेतरी लटकलंय, आणि त्याला कारणीभूत आहे २२ डिसेंबर १९६६ ला केलेली टेपची कापाकापी.

गाण्याला नाव देणारा लिव्हरपूलचा अनाथाश्रम, बीटल्सच्या ऑगस्टमधे बंद झालेल्या टूर, स्पेनमधल्या शूटिंगच्या रिकाम्या वेळात लिहिलेलं गाणं, हे सगळं माहितीच आहे. २४ नोव्हेंबरला लंडनमधे रेकॉर्डिंग सुरू झालं. मेलोट्रॉनवरची (टेपवर भरलेले वाद्यांचे सूर वाजवणारी पेटी) बासरी असलेला संथ टेक ७, म्हणजे सातवा प्रयत्न, झाला, मग गाणाऱ्या जॉन लेननला वाटलं काहीतरी दणदणीत हवं, म्हणून चार ट्रम्पेट आणि तीन चेलो घेऊन टेक २६. तो फास्टही होता आणि वरच्या पट्टीतलाही. मग लेननसाहेब म्हणाले, टेक ७ ची सुरुवात, टेक २६ चा शेवट, जोडून टाका!

आता बरेच जण लिहितात की प्रोड्युसरने पट्टी जुळवली आणि लय पण जुळवली, जणू दोन वेगळी कामं होती. तेव्हाच्या टेपवर ते शक्यच नव्हतं ना, स्पीड कमी केला की लय आणि सूर दोन्ही एकदमच उतरणार. फास्ट टेकच वरच्या पट्टीत निघाला म्हणून त्याचा स्पीड उतरवून जमलं, आणि गाणं दोन पट्ट्यांच्या मधे लटकलं. उलटं असतं तर लय जुळवताना सूर आणखी लांब गेले असते आणि टेप कचऱ्यात. त्यामुळे याला नुसती हुशारी म्हणणं मला पटत नाही, निम्मं नशीब आहे.

जोड बरोबर एका मिनिटावर आहे, हेडफोन लावून ऐका, आवाज एकदम जाड, झोपाळल्यासारखा होतो. त्यानंतर येणारी ती घरंगळत खाली जाणारी तारांची सर म्हणजे आपलं स्वरमंडल (‘इंडियन हार्प’ म्हणणाऱ्यांना नमस्कार). तेही टेक २६ वरचंच, म्हणजे टेपबरोबर तेही उतरलं. एवढ्या तारा जुळवणाऱ्याची मेहनत पाण्यात!

फेब्रुवारी १९६७ ला सिंगल आलं, इंग्लंडात दोन नंबरवर अडकलं, नंतरच्या ‘सार्जंट पेपर’ अल्बममधे घेतलंच नाही. त्याच अल्बमच्या २०१७ च्या सेटमधे मात्र अख्खा टेक २६ मिळतो. तो ऐकला की कळतं स्पीड उतरवण्याआधी तो केवढा पळत होता.