पडदा सोलायचा, पण किती?

वाचताना ओळीतलं नेमकं मधलं अक्षर गायब होतं, सरळ रेघ वाकडी दिसते. दृष्टिपटलाच्या ऐन मध्यावर, मॅक्युलात, छिद्र पडलं की असं होतं. वयोमानाने डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रियस आक्रसतो आणि सुटता सुटता मॅक्युलाला ओढतो. बहुतेक छिद्रांचं मूळ या ओढीत असतं.

पूर्वी यावर इलाज नाही असंच मानलं जाई. 1991 मध्ये डॉ. केली आणि डॉ. वेंडेल या अमेरिकन डॉक्टरांनी व्हिट्रियस काढला, आत वायू भरला, रुग्णांना पालथं ठेवलं आणि 52 पैकी 30 डोळ्यांतली छिद्रं बुजवून दाखवली.

उरलेली का बुजेनात? कारण व्हिट्रियस गेला तरी सगळा ताण जात नाही. दृष्टिपटलाच्या आतल्या पृष्ठभागावर आयएलएम नावाचा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा असतो. तो ताठ असतो, शिवाय आकुंचन पावणाऱ्या पेशींना त्यावर आयता आधार मिळतो. तो सोलला की कडा सैल होऊन जवळ येतात. पण हा पापुद्रा पारदर्शक, दिसणार कसा? म्हणून रंग आले. आधीचा हिरवा आयसीजी दृष्टिपटलाला अपायकारक ठरू शकतो असं दिसल्यावर ब्रिलियंट ब्लू रुळला.

2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिल्म्स या चाचणीत महिन्याभराने सोललेल्यांपैकी 84 टक्के छिद्रं बुजली होती, न सोललेल्यांपैकी 48 टक्के. सहा महिन्यांनी दूरच्या नजरेत मात्र दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता! तरीही माझ्या मते सोलण्याचं पारडं जड आहे, कारण न सोललेल्या कितीतरी जणांना पुन्हा ऑपरेशन टेबलावर जावं लागलं.

किंमत मोजावी लागतेच. आयएलएम म्हणजे दृष्टिपटलातल्या म्युलर या आधारपेशींचाच तळाचा थर. तो ओढताना त्या पेशींना इजा होते. पुढे मज्जातंतूंच्या थरात बारीक खळगे दिसतात, मॅक्युला दृक्‌चेतेकडे, म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या नसेकडे, किंचित सरकतो, कधी इवले अंधबिंदू उरतात. बहुतेकांना ते जाणवतही नाहीत. चिमट्याचा धक्का लागून रक्तस्राव झाला तर गोष्ट वेगळी.

म्हणूनच लहान छिद्रांत सोलावं का, यावर अजून वाद आहे. मोठ्या, 400 मायक्रॉनपुढच्या छिद्रांसाठी पोलंडच्या मिखालेव्स्का यांनी 2010 मध्ये वेगळीच वाट दाखवली: पापुद्रा पूर्ण काढायचा नाही, कडेला चिकटलेला ठेवून छिद्रावर उलटा पसरायचा. छिद्र बुजण्याचं प्रमाण वाढलं. मात्र त्या जागी आधारपेशींचीच भर पडली, तर ओसीटीत, म्हणजे दृष्टिपटलाच्या थरांच्या स्कॅनमध्ये, छिद्र बुजलेलं दिसूनही नजर त्या मानाने सुधारत नाही.