पाटी नवी, तास जुने : सांगली-साताऱ्यातल्या 'एआय' शाखेची पार्श्वभूमी

इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाचा, म्हणजे कॅप राउंडचा, ऑप्शन फॉर्म उघडला की एकेका कॉलेजच्या नावापुढे चार-चार ओळी दिसतात : कॉम्प्युटर सायन्स, इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी, आर्टिफिशियल इंटेलिजन्स अँड डेटा सायन्स, आणि कॉम्प्युटर सायन्सलाच एआय-एमएलची (एमएल म्हणजे मशिन लर्निंग, उदाहरणांवरून यंत्राला शिकवणं) शेपटी जोडलेली आणखी एक. सांगलीत काय, साताऱ्यात काय, पालकांचा प्रश्न एकच : यात फरक काय? फरक आहे, पण तो पाटीवर कमी आणि तिसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात जास्त. असं का झालं, ते बघायला बरंच मागे जावं लागतं.

या पट्ट्यात इंजिनिअरिंग आलं ते संगणकासाठी नव्हे. धोंडूमामा साठ्यांनी १९४७ मध्ये सांगलीत न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेव्हा शिकवायला होतं फक्त सिव्हिल. १९५५ मध्ये कॉलेजला वालचंद हे नाव मिळालं आणि मेकॅनिकल व इलेक्ट्रिकल सुरू झाल्या. कऱ्हाडचं सरकारी कॉलेज १९६० चं, शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. गरज होती ती धरणं, रस्ते, वीज आणि साखर कारखाने उभारणाऱ्या माणसांची.

संगणक तेव्हा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये १९५५ मध्ये पहिला आला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये चालू झाला. त्याची स्मृती ४० बिटांच्या २०४८ शब्दांची, म्हणजे सगळी मिळून १० किलोबाइट. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्यात मावणार नाही. १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आयबीएम १६२० आला आणि संगणक हा शिकवायचा विषय झाला.

त्या काळचं प्रॅक्टिकल कसं होतं ते जरा जवळून बघू, कारण त्याची सवय अजून आपल्या तोंडी परीक्षेत टिकून आहे. प्रोग्रॅम आधी कोडिंग शीटवर हाताने लिहायचा, मग पंचिंग मशिनवर कार्डं भोकायची. एका कार्डावर ८० रकाने, एका ओळीला एक कार्ड. फोरट्रान या भाषेत पहिले ५ रकाने ओळीच्या क्रमांकाला, सहावा 'मागची ओळ पुढे चालू' याच्या खुणेला, ७ ते ७२ प्रत्यक्ष सूचनेला. ७३ ते ८० हे रकाने मशिन वाचतच नसे. त्यात कार्डांचा अनुक्रमांक टाकायचा, म्हणजे गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला तरी पुन्हा लावता येई. ज्याने आळस केला त्याची संध्याकाळ कार्डं जुळवण्यात जायची. गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील कागदाची वाट बघायची. एक स्वल्पविराम राहिला तर कागदावर फक्त चूक छापून यायची आणि फेरी फुकट. म्हणून देण्याआधी कागदावरच एकेका चलाची (व्हेरिएबलची) किंमत लिहीत प्रोग्रॅम चालवून बघत. आजही एक्स्टर्नल परीक्षक 'ड्राय रन करून दाखव' म्हणतात, ते तिथून आलेलं आहे. एआयकडून कोड लिहून घेणारी मुलं नेमकी इथेच अडकतात : कोड चालतो, पण लूपच्या तिसऱ्या फेरीत चलाची किंमत किती, ते सांगता येत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवाह याला समांतर वाहत होता. १९५६ मध्ये अमेरिकेत डार्टमथला झालेल्या उन्हाळी बैठकीत या विषयाचं बारसं झालं. पाठोपाठ फ्रँक रोझेनब्लॅटचा परसेप्ट्रॉन आला : प्रत्येक इनपुटला एक वजन द्यायचं, बेरीज करायची, ती उंबरठ्यापलीकडे गेली तर 'हो', नाहीतर 'नाही'. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी त्याची मर्यादा गणिताने दाखवली. ती समजायला जिन्यातला दिवा पुरतो. खाली एक बटण, वर एक. दोन्ही एकाच स्थितीत असतील तर दिवा बंद, वेगळ्या असतील तर चालू. आता परसेप्ट्रॉनला हे शिकवू. दोन्ही बटणं शून्यावर असताना दिवा बंद हवा, म्हणजे उंबरठा शून्याखाली नको. एकटं खालचं बटण दाबलं की दिवा लागायला हवा, म्हणजे त्याचं वजन उंबरठ्यापेक्षा जास्त. वरच्याचंही तसंच. मग दोन्ही दाबल्यावर बेरीज त्याहून मोठी होणार आणि दिवा लागणारच. पण तो बंद राहायला हवा होता. इथे गाडी रुतली. मधे आणखी एक थर घातला की ती निघते, पण त्या थराची वजनं शिकवायची कशी, याची रीत तेव्हा रुळलेली नव्हती. ब्रिटनमध्ये १९७३ च्या लाइटहिल अहवालाने एआय संशोधनावर टीका केली आणि सरकारने पुरता हात आखडला. पैसा आटला आणि न्यूरल नेटवर्क, म्हणजे अशा परसेप्ट्रॉनांची जोडलेली जाळी, हा शब्द बराच काळ अडगळीत पडला. या पडझडीचा परिणाम आपल्याकडच्या अभ्यासक्रमावरही झाला, पण तो दिसायला आपल्याकडे आधी संगणक शाखा यायला हव्या होत्या.

त्या आल्या १९८३ नंतर. मुख्यमंत्री होते सांगलीचेच वसंतदादा पाटील. महाराष्ट्रातली मुलं इंजिनिअरिंगला कर्नाटकात जातात, तर आपल्याकडेच विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी का देऊ नये, असा तो निर्णय. त्याच वर्षी साखराळ्याला राजारामबापू इन्स्टिट्यूट, बुधगावला वसंतदादांच्या नावाचं कॉलेज आणि साताऱ्यात रयतचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज उभं राहिलं. शिक्षणाचा बाजार झाला ही टीकाही तेव्हापासूनची, आणि ती खोटी नाही. पण सरकारी दोन-चार कॉलेजांच्या भरवशावर वाळवा-खटावची मुलं एवढ्या संख्येने या क्षेत्रात गेली नसती, हेही खरं. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९८४ मध्ये, राजीव गांधी सरकारचं संगणक धोरण आलं, आयात सोपी झाली आणि पीसी कॉलेजच्या आवाक्यात आला. ६४० केबी मेमरी, ३६० केबीची फ्लॉपी आणि बूट काढून आत जायची एसी लॅब!

याच काळात 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' अभ्यासक्रमात शिरला, बहुधा शेवटच्या वर्षाचा ऐच्छिक विषय म्हणून. त्यात न्यूरल नेटवर्क नावापुरतं, कारण वर सांगितलेली पडझड. शिकवलं जायचं ते शोध (शक्यतांतून उत्तराची वाट काढणं), तर्कशास्त्र, तज्ज्ञ प्रणाली (तज्ज्ञाचे नियम भरलेला प्रोग्रॅम) आणि प्रोलॉग ही तर्काची भाषा. ठरलेलं उदाहरण पाण्याच्या भांड्यांचं : ४ लिटरचं एक, ३ लिटरचं एक, मापाच्या खुणा नाहीत, ४ लिटरच्या भांड्यात नेमकं २ लिटर पाणी आणायचं. लहान भरा, मोठ्यात ओता, लहान पुन्हा भरा, मोठं काठोकाठ होईपर्यंत ओता. लहानात उरतात २ लिटर. मोठं रिकामं करून ते त्यात ओता. सहा पायऱ्या झाल्या. भांड्यांच्या स्थिती मोजल्या तर पाच गुणिले चार, वीसच. तरी विद्यार्थ्याचा प्रोग्रॅम लटकतो, कारण तो 'भर, रिकामं कर, भर, रिकामं कर' याच फेऱ्यात फिरत बसतो. आधी बघितलेल्या स्थितींची यादी ठेवली की सुटतो. ही यादी ठेवायची युक्ती डेटा स्ट्रक्चर्सची आहे, एआयची नव्हे, आणि दोन्ही विषय एकमेकांत किती गुंतले आहेत ते इथे दिसतं.

१९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या निबंधाने बॅकप्रोपगेशन (उत्तरातली चूक मागे नेत थरांची वजनं सुधारण्याची रीत) सर्वतोमुखी झालं, म्हणजे मधल्या थराचं कोडं सुटलं. पण यंत्रांत दम नव्हता आणि डेटाही नव्हता. त्यामुळे आपल्याकडच्या वर्गांत फारसं काही हललं नाही. पुढे आयटी शाखा आल्या, विज्ञान महाविद्यालयांत बीसीएस (संगणकशास्त्राची पदवी) आलं, नोकऱ्या पुण्या-बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत होत्या आणि अभ्यासक्रम जावा-डेटाबेसकडे झुकला. ते स्वाभाविकच होतं.

मग २०१२ मध्ये चित्रं ओळखण्याच्या इमेजनेट स्पर्धेत अ‍ॅलेक्सनेट या न्यूरल नेटवर्कने बाजी मारली. ६ कोटी वजनं, प्रत्येकी ३ जीबीची दोन गेमिंग ग्राफिक्स कार्डं आणि पाच-सहा दिवसांचं प्रशिक्षण. १९८६ चीच रीत, पण आता तिला यंत्र आणि डेटा दोन्ही मिळाले होते. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही आजच्या भाषा मॉडेलांच्या पायाची रचना आली. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलनने आणि २०१९ मध्ये आयआयटी हैदराबादने एआयची स्वतंत्र पदवी सुरू केली. मागोमाग एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेच्या) मान्यतेने या शाखा सगळीकडे फुटल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पालकांची रांग लागली. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या कॉलेजांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाही काढली. जागा एका परिपत्रकाने वाढतात. लॅब आणि डीप लर्निंग शिकवू शकणारे प्राध्यापक तसे वाढत नाहीत. कॉलेज बघायला जाल तेव्हा हा प्रश्न तोंडावर विचारावा.

आता वेळापत्रक. एआयसीटीईचा २०१८ चा नमुना अभ्यासक्रम पदवीसाठी १६० क्रेडिट धरतो : आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकलचे दोन तास म्हणजे एक. कॉलेजच्या संकेतस्थळावरून दोन्ही शाखांची 'स्ट्रक्चर'ची पीडीएफ उतरवून शेजारी ठेवा. पहिलं वर्ष बहुतेक सारखंच असतं. दुसऱ्यात डेटा स्ट्रक्चर्स, डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस दोन्हीकडे. वाटा फुटतात तिसऱ्या वर्षात : कॉम्प्युटरकडे कंपायलर, नेटवर्क, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, एआयकडे त्यातलं काही गळून मशिन लर्निंग, डीप लर्निंग, भाषा-प्रक्रिया आणि संख्याशास्त्राचा जास्तीचा पेपर. एआयच्या स्ट्रक्चरमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम दिसत नसेल किंवा प्रोबॅबिलिटीला धड पेपर नसेल, तर पाटी कितीही चकचकीत असो, कॉम्प्युटर घ्यावं आणि एआयचे विषय मायनर (जोडशाखा) म्हणून जोडावेत. त्याला १८ ते २० क्रेडिट जादा करावी लागतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. त्यांचं पहिल्या वर्षाचं गणित, विशेषतः मॅट्रिक्स आणि आयगेन व्हॅल्यू, सुटलेलं असतं आणि ते पाचव्या सेमिस्टरला मशिन लर्निंगमध्ये पीसीए (अनेक रकान्यांचा डेटा थोड्या रकान्यांत आणायची रीत) आलं की टोचतं. प्रवेशाआधीच्या सुट्टीत तेवढं करून घेतलेलं बरं.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्या भागात हमखास द्राक्षाच्या पानावरचा रोग ओळखण्याचा असतो. मुलं प्लांटव्हिलेज हा तयार संच उतरवतात : ५४ हजारांवर फोटो, ३८ वर्ग. द्राक्षाचे त्यात चार वर्ग आहेत : ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. तासगावचा बागायतदार ज्यांच्यासाठी फवारणीचा पंप उचलतो ते डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग त्यात नाहीतच! मॉडेल ९९ टक्के अचूक आलं तरी ते या दोघांचं नाव कधीच घेणार नाही, कारण त्याला ते माहीतच नाहीत. शिवाय हे फोटो तोडलेल्या एकेका पानाचे, साध्या पार्श्वभूमीवरचे आहेत. याच संचावरच्या २०१६ च्या गाजलेल्या अभ्यासात अचूकता ९९.३५ टक्के होती, ती वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या फोटोंवर ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली.

स्वतः फोटो काढणाऱ्यांची चूक वेगळी असते. एकाच पानाचे सलग सहा फोटो घेतात आणि सगळा ढीग पिसून ८०-२० असा तोडतात. मग त्याच पानाचे चार फोटो प्रशिक्षणात आणि दोन चाचणीत जातात. परीक्षेत पाहिलेलाच पेपर. तोडायचं ते बागेनुसार : दहा बागा असतील तर सात प्रशिक्षणाला, एक मधल्या तपासणीला, दोन चाचणीला, आणि या दोन बागांना शेवटपर्यंत हात लावायचा नाही. डाऊनीची पांढरी बुरशी पानाच्या खालच्या बाजूला असते, वरून फक्त तेलकट पिवळा डाग दिसतो, म्हणून दोन्ही बाजू टिपाव्यात. १००० फोटोंपैकी ९०० निरोगी असतील तर डोळे झाकून 'निरोगी' म्हणणारं मॉडेलही ९० टक्के मिळवतं. तिथे अचूकता न सांगता शंभर रोगट पानांपैकी किती पकडली, ते सांगावं. आणि वेळ बघावी. डाऊनीचा खरा जोर ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस-ढग आले की असतो. जुलैत विषय ठरवून सप्टेंबरातच फोटो उरकणाऱ्या गटाला रोग सापडत नाही, आणि मग पुन्हा प्लांटव्हिलेज.

यंत्राचा हिशेबही आधी मांडावा. ७०० कोटी वजनांचं भाषा मॉडेल दोन-दोन बाइटांत साठवलं तरी १४ जीबी लागते. वजनं सुधारण्याच्या नेहमीच्या अ‍ॅडम पद्धतीने ते पूर्ण शिकवायचं तर वजनामागे सुमारे १६ बाइट, म्हणजे ११२ जीबी. लॅपटॉपच्या ४ किंवा ६ जीबीच्या ग्राफिक्स कार्डाचं ते काम नव्हे. गुगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर १६ जीबीचं टी-४ कार्ड फुकट मिळतं, पण सत्र मधेच तुटतं, तेव्हा दर फेरीनंतर वजनं ड्राइव्हवर जपून ठेवावीत. पानांच्या प्रोजेक्टला आधीच शिकलेलं छोटं मॉडेल घेऊन त्याचा शेवटचा थर बदलला तरी भागतं.

२०२४ पासून एम.टेक. प्रवेशाच्या गेट परीक्षेत डेटा सायन्स अँड आर्टिफिशियल इंटेलिजन्स असा वेगळा पेपर आहे. त्याचा अभ्यासक्रम उघडला की आधी प्रोबॅबिलिटी आणि लिनिअर अल्जेब्रा, मग डेटा स्ट्रक्चर्स, डेटाबेस, मशिन लर्निंग. एआयच्या शेवटच्या भागात शोध आणि तर्कशास्त्र आहेच, म्हणजे ती पाण्याची भांडी अजून तिथेच ठेवलेली आहेत.