जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली घर्र: एबीएस की डिस्क?

गेल्या पावसाळ्यात माझा मावसभाऊ कुंभार्ली घाट उतरत होता. वळणावर पुढचा टेम्पो एकदम थांबला आणि याने ओल्या रस्त्यावर जीव खाऊन ब्रेक मारला. पायाखालून घर्र-घर्र-घर्र आवाज आला, पेडल पायाला उलटं ढकलायला लागलं. ब्रेकमध्ये काहीतरी तुटलं असं वाटून त्याने पाय उचलला आणि गाडी परत सुटली. दुसऱ्यांदा पाय दाबून गाडी थांबली तेव्हा टेम्पोचा फाळका हातभर लांब होता. दोन दिवसांनी एका गॅरेजमध्ये त्याला "डिस्क वाकल्यात" असं सांगून पुढच्या दोन्ही डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकड्या) आणि त्यांना दाबून धरणारे पॅड बदलून दिले. गाडी चौदा हजार किलोमीटर चाललेली. तिच्यात काहीही बिघडलं नव्हतं. तो एबीएस होता, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकून घसरू नयेत म्हणून गाडीत असलेली यंत्रणा.

ही गल्लत मी इतक्या लोकांकडून ऐकली आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं. यात नुसता पैसा जात नाही. ऐन वेळी पाय उचलला जातो, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे.

पॅडचे आवाज आधी बाजूला काढू, ते बहुतेकांना माहीत असतात. हलका ब्रेक मारतानाही चीं-चीं असा बारीक किंचाळा येत असेल तर पॅड संपत आलेत. पॅडवरची पत्र्याची पट्टी डिस्कला टेकून तो आवाज करते. खर्र-खर्र असं लोखंडावर लोखंड घासायला लागलं की उशीर झाला, त्याच दिवशी बदला. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीचे सकाळचे दोन-तीन ब्रेक खरखरतात, तो डिस्कवरचा गंज असतो आणि आपोआप निघून जातो. जोरात ब्रेक मारताना एकदाच "टक" किंवा "धप्प" झालं तर आधी डिकीतला जॅक हलतोय का बघा, मग लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश तपासून घ्या. हे सगळे आवाज पेडलमधून पायाला धक्के देत नाहीत. पायाला हादरे देणारी मुख्य कारणं दोन, आणि गोंधळ त्यांच्यातच होतो.

पहिलं कारण एबीएस. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना तो बंधनकारक आहे, म्हणजे अलीकडची गाडी असेल तर तुमच्याकडेही आहे. प्रत्येक चाकाजवळ वेग मोजणारा सेन्सर असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर एखादं चाक फिरायचं थांबून घसरायला लागलं की कंट्रोल युनिट त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतं, पुन्हा दाबतं, पुन्हा सोडतं. हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा होऊ शकतं. सोडलेलं ब्रेक ऑइल एक छोटा मोटरपंप परत पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरकडे ढकलतो. तुमचा पाय त्याच ऑइलच्या दुसऱ्या टोकावर असतो, म्हणून तळपायाला धक्के बसतात. घर्र हा आवाज त्या पंपाचा आणि टकटक उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हचा. म्हणजे तो आवाज येतोय तेव्हा ब्रेक उत्तम काम करतोय.

दुसरं कारण डिस्क. लोक सरसकट "डिस्क वाकडी झाली" म्हणतात आणि मला हे वाक्य ऐकवत नाही. डिस्क खरोखर वाकल्याचं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. एका जागी दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला तरी पायाला थरथर कळते. माणसाचा केससुद्धा याच्या तिप्पट जाड असतो. हा फरक पडतो कसा? हबवर (डिस्क जिच्यावर बसते ती चाकाची बैठक) गंज किंवा माती साचली असताना डिस्क बसवली, किंवा पंक्चरवाल्याने हवेच्या गनने चाकाचे नट वाट्टेल तसे आवळले, की डिस्क किंचित तिरकी बसते आणि प्रत्येक फेरीत एकाच जागी पॅडला घासते. काही हजार किलोमीटरमध्ये ती जागा झिजते. दुसरी रीत घाटातली: अख्खा उतार ब्रेकवर उतरायचा आणि खाली चहाच्या टपरीसमोर तापलेल्या डिस्कवर ब्रेक घट्ट दाबून उभं राहायचं. पॅडचा मसाला तेवढ्या जागेवर छापल्यासारखा चिकटतो. पुढे त्या जागेवरून पॅड गेला की धक्का.

आता या दोन्हींत फरक ओळखायचा कसा? "एबीएसचे धक्के जलद, डिस्कचे सावकाश" असं सांगणारे खूप आहेत आणि सगळी चूक इथेच होते. हिशोब करून बघा. नेहमीच्या हॅचबॅकच्या टायरचा परीघ साधारण 1.95 मीटर असतो. ताशी 90 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 25 मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास तेरा वेळा फिरतं. डिस्कवर एक खराब जागा असेल तर सेकंदाला तेरा धक्के. एबीएसचेही दहा-पंधराच! हायवेच्या वेगात दोन्हींची गती एकच, तिथे नुसत्या पायाला फरक कळणारच नाही. एक्सप्रेसवेवर ब्रेक मारला आणि हादरे आले, एवढ्यावरून निदान करणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नका.

फरक कळतो तो गाडी हळू होताना. डिस्कचा धक्का चाकाला बांधलेला असतो. 90 वर तेरा, 45 वर साडेसहा, 18 वर अडीच. धडधडधडधड, मग धड-धड-धड, मग धड… धड… धड… असा ताल उतरत जातो आणि थांबायच्या आधी एकेक धक्का सुटा मोजता येतो. एबीएसचा ताल असा वेगाबरोबर उतरत नाही. तो कंट्रोल युनिटने ठरवलेला असतो. रस्ता बदलला तर थोडा अडखळतो, वेडावाकडा होतो, पण गाडी 90 वर असो की 30 वर, घर्र ते घर्रच. आणि माणूस चालतो त्या वेगाला येताच तो एकदम बंद पडतो, हळूहळू विरत नाही.

म्हणून कोणी फोनवर विचारलं तर मी एकच सांगतो: तोंडाने आवाज काढून दाखव, अगदी गाडी थांबेपर्यंतचा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यावर उत्तर मिळतं.

दुसरी खूण, पाय किती जोरात दाबला होता. डिस्कची थरथर 80-90 वरून हलक्या, सावकाश ब्रेकलाही जाणवते, आणि पुढची डिस्क असेल तर स्टेअरिंगही डावी-उजवीकडे थरथरतं. एबीएस हलक्या ब्रेकला कोरड्या डांबरावर येतच नाही. त्याला चाक घसरावं लागतं: जोरात मारलेला ब्रेक, ओला रस्ता, वाळू, खडी, शेण, रस्त्यावरचं पांढरं पट्ट्याचं रंगकाम. हादरे फक्त सीटला जाणवतात आणि स्टेअरिंग शांत आहे? मग मागच्या चाकांचे ड्रम ब्रेक बघायला सांगा.

एक अपवाद लक्षात ठेवा, कारण तो चांगल्या मेकॅनिकलाही चकवतो. कोरडा रस्ता, हलका ब्रेक, गाडी सिग्नलला थांबतेय, वेग दहा-पंधरा, आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये घर्र. आवाज एबीएसचाच, पण वेळ चुकीची. सेन्सरवर घाण बसलेली असते, चाकाबरोबर फिरणाऱ्या सेन्सरच्या रिंगला तडा गेलेला असतो किंवा व्हील बेअरिंग ढिलं असतं. एका चाकाचा वेग मध्येच शून्य दिसतो आणि युनिटला वाटतं चाक अडकलं. एबीएसचा पिवळा दिवा लागेलच असं नाही. स्कॅनर लावून चालत्या गाडीत चारही चाकांचे वेग शेजारी-शेजारी बघितले की एक चाक लगेच वेगळं पडतं. इथे डिस्क बदलून काहीही होणार नाही.

हा पिवळा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक चालू असतो, एबीएस बंद असतो. पाऊस असेल तर वेग कमी ठेवा. ब्रेकचा लाल दिवा मात्र वेगळा. हँडब्रेक सोडलेला असूनही तो लागला तर ब्रेक ऑइल बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

डिस्कचं निदान पक्कं झालं तरी थेट लेथवर मारायला देऊ नका. आधी हब घासून साफ करा, डिस्क बसवा, डायल गेज लावून ती किती डोलते ते मोजायला सांगा. गेज नाही म्हणणाऱ्या गॅरेजला मी डिस्कच्या कामासाठी गाडी देत नाही. तिरकी बसवलेली डिस्क लेथवर सरळ करून परत त्याच घाणेरड्या हबवर चढवली की तीन-चार महिन्यांत थरथर परत हजर. आणि चाकाचे नट शेवटी टॉर्क पान्यानेच आवळायचे, समोरासमोरचे, एकाआड एक.

जुन्या ड्रायव्हरांनी शिकवलेलं "घसरायला लागली की ब्रेक पंप कर" हे त्यांच्या जुन्या गाड्यांना बरोबर होतं. एबीएसच्या गाडीत पंप करायचा नाही. पाय पूर्ण दाबायचा, दाबलेलाच ठेवायचा, आणि स्टेअरिंग फिरवायचं. एबीएसमुळे गाडी नेहमी कमी अंतरात थांबते हीही समजूत चुकीची आहे. खडीवर उलट जास्त अंतर लागू शकतं. चाक फिरत राहतं म्हणून गाडी वळवता येते, हा त्याचा मोठा उपयोग.

हे वाचून पायाला कळत नाही. म्हणून पहिला पाऊस पडल्यावर मी मावसभावाला एका मोकळ्या मैदानात घेऊन गेलो. ओली माती, आजूबाजूला कोणी नाही, वेग चाळीस. पुढे एक प्लॅस्टिकची रिकामी बादली ठेवली. पहिल्या वेळी घर्र होताच त्याचा पाय सवयीने वर आला आणि बादली उडाली. दुसऱ्या वेळी पाय टिकला, पण तो बादलीकडेच बघत राहिला, हात हललेच नाहीत. तिसऱ्या वेळी पेडल तळपायाखाली धडधडत असताना त्याने स्टेअरिंग डावीकडे घेतलं. बादली जागच्या जागी होती.