शेलाख: हेरांनी पाहिले ते खरेच होते

ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तके, दर शनिवारी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, गुंडाळीतून मोठ्याने वाचला जातो. वर्षभरात तो पुरा व्हावा म्हणून त्याचे 54 भाग पाडले आहेत. एकेका भागाला परशा म्हणतात. ही पद्धत मूळची बाबिलोनच्या ज्यूंची. पॅलेस्टाइनमधले ज्यू सावकाश वाचत, त्यांना सुमारे तीन वर्षे लागत. बाराव्या शतकात तुडेला गावचा प्रवासी बेंजामिन कैरोला पोहोचला, तेव्हा तिथे दोन्ही पद्धतींची वेगवेगळी सिनेगॉग होती. पुढे बाबिलोनी क्रमच सगळीकडे रुळला.

त्यातला शेलाख हा परशा बहुधा जूनमध्ये येतो. इजिप्तच्या गुलामीतून लोकांना बाहेर आणणारा मोशे इस्राएलच्या प्रत्येक वंशातला एक, असे बारा पुढारी देवाने देऊ केलेला कनान देश हेरायला धाडतो. चाळीस दिवसांनी ते डाळिंबे, अंजीर आणि दोघांनी दांड्यावरून वाहून आणलेला द्राक्षांचा एकच घोस घेऊन परततात. देश सुपीक आहे, पण शहरे तटबंदीची आणि माणसे धिप्पाड, असा अहवाल. दहा जण म्हणतात, हा देश जिंकणे आपल्याला झेपायचे नाही. कालेब आणि यहोशवा म्हणतात, झेपेल. लोक रात्रभर रडतात आणि दिवसाला एक वर्ष या हिशेबाने चाळीस वर्षे रानात भटकण्याची शिक्षा ओढवून घेतात.

आता तट काही खोटे नव्हते, आणि पाहून या असे खुद्द मोशेनेच सांगितले होते. मग चुकले कुठे? भाष्यकारांनी शतकानुशतके काथ्याकूट केला तो यावरच. अकराव्या शतकातला फ्रान्सचा राशी म्हणतो, तटाआड राहतात ते दुबळे. ज्यांना स्वतःच्या बळाचा भरवसा असतो ते उघड्यावर वस्ती करतात. म्हणजे तोच तट, पण खूण उलटी. तालमूदमध्ये, म्हणजे ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांच्या प्राचीन संग्रहात, आणखी एक मासला आहे. हेर जातील तिथे अंत्ययात्रा निघत होत्या, म्हणून त्यांनी ठरवले की ही भूमी माणसे खाते. प्रत्यक्षात लोक शोकात गुंतावेत आणि हेरांकडे कोणाचे लक्ष जाऊ नये, यासाठी देवानेच ती योजना केली होती!

सगळ्यात झोंबते ते हेरांचे शेवटचे वाक्य: आम्ही आमच्याच नजरेत नाकतोड्यांसारखे होतो, आणि त्यांच्याही नजरेत तसेच. पहिला भाग एक वेळ ठीक, पण दुसरा यांना कोणी सांगितला, असा तालमूदचा सवाल आहे. मिद्राशमध्ये, म्हणजे तोरावरच्या जुन्या कथारूप भाष्यात, देव विचारतो, मी तुम्हाला त्यांच्या डोळ्यांत देवदूतांसारखे दाखवले नसेल कशावरून? माझ्या मते या परशावरचे हे सर्वांत नेमके भाष्य.

त्या रडण्याची रात्र परंपरेने आव महिन्याच्या नवमीला जोडली, म्हणजे जेरुसलेममधल्या दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाच्या उपासाच्या दिवसाला. आणि गंमत अशी, की सामुदायिक प्रार्थनेला किमान दहा जण हवेत हा नियम रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, काढला तो याच दहा अविश्वासू हेरांवरून.

परशाच्या अखेरीस वस्त्राच्या कोपऱ्यांना गोंडे लावण्याची आज्ञा आहे: ते पाहावेत, आज्ञा आठवाव्यात, डोळ्यांमागे वाहवत जाऊ नये. हा उतारा शमा या ज्यूंच्या रोजच्या मुख्य प्रार्थनेचा तिसरा भाग झाला. कोकणातल्या बेने इस्राएलींकडे, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांकडे, कित्येक पिढ्या तोरा नव्हता. शनिवारची सुटी, सुंता आणि शमाची पहिली ओळ मात्र त्यांनी सोडली नाही. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले.