एक पांढरं फुलपाखरू, तीन नावं

आयर्लंडमध्ये झुडपांच्या कडेकडेने, दमल्यासारखं संथ उडणारं एक छोटं पांढरं फुलपाखरू आहे. बसलं की पंख कायम मिटलेले. २००१पर्यंत ते ‘लेप्टिडिया सायनॅपिस’ होतं, मग दहा वर्षं ‘रिआली’ आणि २०११पासून ‘जुव्हर्निका’.

सायनॅपिस हे नाव लिनियसचं, १७५८चं. पुढची दोनशे वर्षं पंखांचे रंग आणि ठिपके पाहून युरोपभरची अशी फुलपाखरं त्याच एका नावाखाली जमा होत गेली. पंखांनी दगा दिला की अभ्यासक जननेंद्रियांकडे वळतात. वाळलेल्या फुलपाखराचं पोट कॉस्टिक पोटॅशमध्ये टाकायचं, मऊ भाग विरघळू द्यायचा आणि उरलेला कठीण सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायचा. काम किचकट, पण भरवशाचं.

पिरेनीज पर्वतातल्या फुलपाखरांवरून अभ्यासक पिएर रिआल यांनी १९८८मध्ये दाखवून दिलं की ‘सायनॅपिस’मध्ये दोन प्रजाती मिसळल्या आहेत, एकीच्या नराचं जननेंद्रिय दुसरीपेक्षा लांब असतं. नव्या प्रजातीला त्यांनी क्रोएशियाचे अभ्यासक लॉर्कोविच यांचं नाव दिलं. पण ते नाव या गटात आधीच वापरून झालेलं निघालं, म्हणून रायसिंगर यांनी ते बदलून ‘रिआली’ केलं. मान द्यायला गेलेल्याच्याच गळ्यात हार पडला! २००१मध्ये आयर्लंडची बहुतेक फुलपाखरं याच मोजमापाने तपासली गेली आणि ‘रिआली’ ठरली.

दरम्यान कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात पॉल हेबर्ट यांनी २००३मध्ये डीएनए बारकोडची कल्पना मांडली: पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचून प्रजाती ओळखायची. वर्षभरातच कोस्टा रिकातल्या एका ‘स्किपर’ फुलपाखरात दहा प्रजाती लपल्याचा दावा झाला. तीच आकडेवारी २००६मध्ये दुसऱ्या अभ्यासकाने पुन्हा तपासली, तर हिशेब तीन ते सातवर आला. मायटोकाँड्रियाचा वारसा फक्त आईकडून येतो. तेवढ्यावर सगळा निवाडा करणं मला तरी घाईचं वाटतं.

लेप्टिडियाच्या बाबतीत ही घाई झाली नाही. व्लाद डिंका आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये डीएनए, जननेंद्रियं आणि गुणसूत्रं शेजारी शेजारी ठेवली. गंमत अशी की यातला एकच पुरावा धरला असता तर फसगत झाली असती. स्पेन-इटलीतली ‘रिआली’ आणि आयर्लंडची ‘रिआली’ जननेंद्रियांवरून वेगळ्या करता येत नाहीत. पण गुणसूत्रं पहिलीत पन्नाशीच्या आसपास, दुसरीत ऐंशीच्या आसपास. मायटोकाँड्रियाच्या डीएनएत तर खरी, म्हणजे स्पेन-इटलीतली रिआली आयर्लंडवालीपेक्षा सायनॅपिसलाच जवळची. आणि नुसती गुणसूत्रं मोजायची म्हटलं, तर एकट्या सायनॅपिसमध्येच ती कझाकस्तानात ५६, तर स्पेनमध्ये १०६! म्हणजे तिचेही तुकडे पाडावे लागले असते.

प्रजाती तीन ठरल्या. तिसरीसाठी नवं नाव शोधावं लागलं नाही. आयर्लंडच्या या फुलपाखरांना १९४६मध्येच उपप्रजाती म्हणून ‘जुव्हर्निका’ म्हटलं गेलं होतं. जुव्हर्ना हे त्या बेटाचं जुनं लॅटिन नाव.

माद्यांना मात्र हा घोळ कधी पडला नसावा. नर मादीसमोर बसून सोंड लांबवतो आणि डोकं डावीउजवीकडे झुलवत राहतो. स्वीडनमधल्या प्रयोगांत नर सायनॅपिस आणि जुव्हर्निका या दोन्ही प्रजातींच्या माद्यांपुढे असेच झुलत राहिले. परक्या नराला नकार दिला तो माद्यांनीच. निरीक्षकाला ती सोय नाही. पंखांवरून आजही काही कळत नाही, म्हणून आयर्लंडमध्ये त्याला नकाशाच पाहावा लागतो: पश्चिमेकडच्या बरेनच्या चुनखडी माळावर दिसलं तर सायनॅपिस, इतरत्र जुव्हर्निका.